व्यवसायाचा रकाना

आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज मी आजवर पंचवीस-तीस मुलामुलींसाठी तरी भरून दिले असतील. अक्षर बरे आहे, आणि पत्रिकेतली नाडी, गण, चरण बिनचूक उतरवण्याइतका धीर नोकरीने दिला आहे. म्हणून नात्यातली माणसे ते काम माझ्याकडे सोपवतात. गेल्या मार्गशीर्षात माझी धाकटी बहीण असाच एक कोरा अर्ज घेऊन सकाळी घरी आली. अर्ज तिच्या मुलाचा होता. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण हे सगळे मी झरझर लिहिले. 'व्यवसाय' या रकान्यापाशी आलो आणि लेखणी थांबली.

"लिही ना दादा," बहीण म्हणाली. "का थांबलास?"

चष्मा पुसण्याचे निमित्त करून मी उठलो. त्या रकान्याशी माझा एक जुना हिशेब होता. तो वाचकांपुढे मांडायला संकोच वाटतो, तथापि मांडतो.

हा भाचा नऊ वर्षांचा असताना माझे मेहुणे गेले. तेव्हापासून त्याच्या शिक्षणाची जबाबदारी मी घेतली, आणि जबाबदारी घेणाऱ्या माणसाला हळूहळू मालकीचा भास होऊ लागतो, तसा मलाही झाला. मुलगा सरळ होता, पण पुस्तकात रमणारा नव्हता. बी. कॉम. झाला. मग आमच्या मध्यप्रदेशातील प्रत्येक पदवीधराच्या नशिबी येते ते आले : पटवारी परीक्षा, पोलीस भरती, बँकेची परीक्षा. दर खेपेला मी त्याला नवे मार्गदर्शक पुस्तक आणून देत असे आणि तो ते मुकाट्याने घेत असे. शेवटी एका मोबाइलच्या दुकानात चिकटला. २०२० च्या टाळेबंदीत ते दुकान बंद पडले ते पुन्हा उघडलेच नाही.

त्या रिकाम्या दिवसांत शेजारच्या बंगल्यातील म्हाताऱ्या जोडप्याचा कुत्रा तो अंघोळीला घेऊ लागला. त्या दोघांना वाकणे जमत नव्हते आणि दारात कोणी येत नव्हते. कुत्रा याच्या हाती स्वस्थ उभा राही. पुढच्या वर्षी, गाड्या सुरळीत झाल्यावर, मुलगा पुण्याला गेला. तिथे एका दुकानात चार महिने आधी नुसती फरशी पुसून आणि मग हात चालवून काम शिकला, आणि कात्र्यांची एक लांबट पेटी घेऊन परत आला. माझ्यासमोर बसून म्हणाला, "मामा, कुत्र्यांचे केस कापण्याचे, अंघोळीचे दुकान काढायचे म्हणतो."

मी काय बोललो ते आठवले की आजही कानशिले तापतात. त्याच्या आईचे आजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते, हे मी त्याला बहुधा शंभराव्यांदा सांगितले. माझी पत्नी आतून म्हणाली, "ते कारकून होते, दिवाण नव्हते." या वाक्याकडे मी दुर्लक्ष केले.

खरा अपराध त्यानंतरचा. एका नातलगाकडे मुंज होती. पंगतीत शेजारी बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "तुमचा भाचा हल्ली काय करतो?" मी म्हणालो, "जनावरांच्या डॉक्टरकीच्या लाइनीत आहे. महूच्या कॉलेजाकडचे काम असते." महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्या इंदूरहून तासाभराच्या वाटेवर, भाच्याने त्याचे फाटकही तोवर ओलांडले नव्हते. गृहस्थ समाधानाने मान डोलावून जिलबीकडे वळले. तेवढ्यात माझ्या द्रोणात मठ्ठा पडला. वर पाहिले तो मठ्ठ्याची बादली घेऊन भाचाच उभा. त्याने सगळे ऐकले होते. "अजून वाढू का मामा?" एवढेच विचारून तो पुढच्या पानाकडे गेला.

मी मराठीत एम. ए. करून हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळेत मुख्याध्यापक झालेला मनुष्य आहे. शिक्षण आणि पोट यांचे गोत्र जुळलेच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा अधिकार मला नाही. मग लाज कशाची वाटली? मनाशी बरेच उकरून पाहिल्यावर उत्तर सापडले, आणि ते काही मोठे शोभिवंत नव्हते. एका दूरच्या नातलगाने हसत हसत म्हटले होते, "म्हणजे न्हावीच की! आणि तोही कुत्र्यांचा." त्या एका वाक्यात दोन तुच्छता होत्या, आणि दोन्ही माझ्याही पोटात होत्या. महिन्यातून एकदा ज्याच्या वस्तऱ्याखाली आपण निःशंक मान देतो, त्याच्या विद्येला हलके समजायचे. आणि दत्तमहाराजांच्या तसबिरीतील चार श्वानांना हात जोडायचे, पण दारातल्या श्वानाला हाड् म्हणायचे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, ही कथा वर्गात सांगताना माझा स्वर दरवर्षी भरून येतो. सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे, हेही मी मुलांना सांगतो. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. तिथला जवान आपल्या कुत्र्याचे अंग विंचरतो तेव्हा ते राष्ट्रकार्य ठरते. माझ्या भाच्याने विंचरले की मी महूच्या कॉलेजाचा आसरा घेतो!

असो. गेल्या वर्षी मे महिन्यात दुकानातला मदतनीस मुलगा बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला, आणि बहीण मला म्हणाली, "दादा, तुला सुटी आहे. दहा दिवस गल्ल्यावर बस, फोन घे, पावत्या लिही." नकार देण्यासारखे कारण सुचले नाही, म्हणून गेलो.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढे बाक आणि गल्ला. मागे पाण्याचा उंच हौद, लोखंडी टेबल, त्याच्या आडव्या दांडीला लोंबणारा सैल फासा, आणि केस वाळवण्याचा तो राक्षसी ब्लोअर. त्याच्या घोंघावण्यात फोन ऐकू येत नाही. भाचा कानात बोळे घालून काम करतो. भिंतीला ओळीने कात्र्या : सरळ, वाकडी, आणि दातेरी पात्याची, जिने केसांची कड मऊ होते. गुंता काढण्याचे बारीक तारांचे ब्रश. पोलादी फणी. यंत्राची पाती डबीत. त्या पात्यांचे नंबर मला दोन दिवस उमगले नाहीत. माणसांच्या सलूनमध्ये नंबर वाढला की केस लांब राहतात. इथे नंबर जितका मोठा तितके केस बारीक. दहा नंबरचे पाते जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवते. पाते चालून चालून तापते आणि तापलेले पाते कातडी भाजते, म्हणून भाचा दर काही मिनिटांनी ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहत असे. आई बाळाचे दूध हातावर टाकून पाहते, अगदी तसे.

मला वाटे, कुत्रा आणावा, नळाखाली धरावा, पुसावा, झाले. पण क्रम ठरलेला आहे, आणि तो चुकला की सगळे बिघडते. आधी कोरडेपणी विंचरणे. कारण केसांची जट भिजली की ती लोकरीसारखी आवळते आणि मग फणीला दाद देत नाही. मग नखे, मग कान. कानात कापसाचे बोळे घालून अंघोळ. साबणही आपला चालत नाही. माणसाची कातडी आम्लाकडे झुकलेली, कुत्र्याची तितकी नाही आणि जात्या पातळ. आपल्या साबणाने ती कोरडी पडते आणि जनावर खाजवत बसते. मग वाळवणे, अगदी मुळापर्यंत. कात्री सर्वांत शेवटी, कारण ओल्या केसांची लांबी फसवी असते.

नखांचे काम पाहताना मात्र माझे काळीज हलले. कुत्र्याच्या नखाच्या आत जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते; काळ्या नखात दिसत नाही. तेव्हा काळे नख केसभर, केसभर असे कापायचे आणि कापलेल्या टोकाकडे दर वेळी निरखून पाहायचे. मधोमध काळसर ठिपका दिसू लागला की थांबायचे. तिसऱ्या दिवशी एका लॅब्राडोरने ऐन वेळी पाय ओढला आणि रक्त आले. न्हावी तुरटी फिरवतो तशी भाच्याने रक्त थांबवणारी पूड दाबून धरली. कुत्र्याच्या मालकाला ते दिसले नव्हते. भाचा स्वतः बाहेर जाऊन म्हणाला, "एका नखाला माझ्याकडून लागले आहे. आज चिखलात नेऊ नका. नखांचे पैसे घेत नाही." आमच्या खात्यात चूक झाली की आधी स्पष्टीकरणाचा मसुदा तयार होतो. हा प्रकार मला नवा होता.

चौथ्या दिवशी एक तरुण आपला हस्की घेऊन आला. बर्फातली ही जात. आमच्याकडे माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तो म्हणाला, "पूर्ण भादरून टाका, बिचाऱ्याला उकडते." भाच्याने नकार दिला. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगाची उष्णता तो जीभ बाहेर काढून धापेवाटे टाकतो. अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लव, आणि त्यांत कोंडलेली हवा उन्हालाही आडवते. ते कवच काढले की ऊन थेट कातडीवर येते, आणि काही जातींत गेलेले केस मग नीट उगवतही नाहीत. "आतली मेलेली लव मी काढून देतो, वारा लागेल. भादरणार नाही," असे तो शांतपणे सांगत राहिला. तरुण रागावून निघून गेला. बाराशे रुपये गेले. मी गल्ल्यावर बसलेला, माझा जीव हळहळला. "अरे, तो दुसरीकडे करून घेईल," मी म्हणालो. "घेईल," भाचा म्हणाला आणि टेबल पुसू लागला.

एका बाईंच्या शिह त्झूची कथा याच्या उलट. या जातीचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, रोज विंचरावे लागतात. बाईंनी चार-पाच महिने वरवर ब्रश फिरवला होता. वरून कुत्रा रेशमासारखा आणि आत सबंध अंगभर नमद्यासारखा लगदा. काखेत, कानामागे जट इतकी आवळलेली, की बिचाऱ्याला पाय पुरता टाकता येत नव्हता. भाच्याने आधीच दाखवून, समजावून, कागदावर सही घेतली आणि अडीच तास बसून इंच इंच केस उतरवले. खालची कातडी लाल, ओलसर. एके ठिकाणी जखम. काम झाल्यावर बाई रडल्या. "माझ्या बाळाला टकला करून टाकला!" म्हणाल्या, आणि निम्मेच पैसे ठेवून गेल्या. मी वाद घालायला उठलो तो भाच्याने मान हलवून मला बसवले. मग हौदाच्या कडेवर बसून त्याने दोन्ही मनगटे थंड पाण्यात धरली. मनगटे, कंबर आणि छाती, या धंद्यात हे तीन आधी जातात. केसांची बारीक लव श्वासातून आत जाते म्हणून तोंडाला फडके. हातावर चाव्यांच्या खुणा तर मी मोजल्याच नाहीत. रेबीजची प्रतिबंधक इंजेक्शने त्याने धंदा सुरू करण्यापूर्वीच घेतली होती. तरीही दात लागला की पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुणे आणि दवाखाना गाठणे चुकत नाही. ही गोष्ट बहिणीला ठाऊक नव्हती. मी ती सांगितली नाही.

रात्री त्याची वही पाहिली. दिवसाकाठी पाचाहून अधिक कुत्री तो घेत नाही. अंघोळीचे सहाशे, पूर्ण कामाचे बाराशे. त्यातून भाडे, वीज, मदतनिसाचा पगार, साबण, आणि पात्यांना धार लावण्याचा सतत खर्च. उन्हाळ्यात आणि दिवाळीपूर्वी गर्दी, थंडीत ओसाड. पावसाळ्यात गोचिडांचा हंगाम. एकेक चिमट्याने, सरळ ओढून काढायचा, कारण त्यांच्याबरोबर ताप येतो. वर्षाची सरासरी काढली तर हाती राहते ते आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या पगाराच्या आगेमागे. वही मात्र आमच्या मध्यान्ह भोजनाच्या नोंदवहीपेक्षा स्वच्छ होती, हे मुख्याध्यापक या नात्याने नमूद करतो.

आता आठव्या दिवसाविषयी. दुपारी तीनच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ रिक्षातून उतरले. कडेवर टॉवेलात गुंडाळलेला पांढरा कुत्रा, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटानंतर तर घरोघरी असे कुत्रे दिसू लागले होते. हा चौदा वर्षांचा होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गृहस्थ म्हणाले, "हिचा होता. ही गेली आता दोन वर्षांपूर्वी. मला विंचरायला येत नाही. हा मला चावतो."

भाच्याने त्याला टेबलावर घेतलेच नाही. जमिनीवर जाड पंचा पसरला, स्वतः मांडी घालून बसला आणि आधी नुसता हाताचा पंजा त्याच्या नाकापाशी धरून राहिला. आंधळ्या जनावराला हात कुठून येणार हे कळावे लागते. ब्लोअर लावला नाही. म्हाताऱ्या छातीला तो आवाज सोसत नाही. टॉवेलने टिपून, थांबून, पुन्हा टिपून काम चालले होते. मुसके बांधले नव्हते. कुत्रा एकदा गुरगुरला आणि मग त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून पडून राहिला. पोटाखालचे केस विंचरताना भाच्याचा हात एका जागी थांबला. त्याने बोटांनी पुन्हा चाचपले, आणि गृहस्थांचा हात धरून त्याच जागी नेऊन ठेवला.

"इथे गाठ लागते आहे काका. केसांखाली होती म्हणून दिसली नसेल. उद्याच डॉक्टरांना दाखवा."

"कसली गाठ आहे? वाईट आहे का?" गृहस्थांचा आवाज कापत होता. "तुम्हीच सांगा ना. तुम्हीही एक प्रकारे डॉक्टरच."

"नाही काका," भाचा म्हणाला. "मी डॉक्टर नाही. मी केस कापतो. गाठ कसली ते मला सांगता येणार नाही, आणि मी सांगूही नये."

तो मान वर न करता बोलला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते. तो माझ्यासाठी बोलतच नव्हता. मी पावती लिहीत होतो आणि रकमेच्या जागी तारीख लिहून बसलो.

त्या रात्री दुकान बंद करताना मी मुंजीचा विषय काढणार होतो. वाक्यही जुळवले होते. पण तो फरशीवरचे केस झाडून पोत्यात भरत होता, आणि मी झाडूच हातात घेतला. बोलणे राहून गेले. एवढी वर्षे मुलांना निबंध सांगितले. स्वतःचे एक वाक्य वेळेवर बोलता आले नाही.

तर तो कोरा रकाना. चष्मा पुसून मी परत बसलो आणि लिहिले : 'श्वान-केशकर्तन व परिचर्या (स्वतःचे दुकान)'. बहिणीने वाकून वाचले. "श्वान काय? लोकांना वाटेल नाटक-बिटक आहे," ती म्हणाली. एवढ्यात भाचा तिला न्यायला आला. अंगाला ओल्या कुत्र्याचा आणि साबणाचा मिश्र वास. त्याने अर्ज उचलून वाचला. बराच वेळ वाचला, एवढासा रकाना वाचायला लागू नये इतका.

"मामा," तो म्हणाला, "हे रकान्यात बसत नाही. बाहेर गेले आहे. 'कुत्र्यांचे केस कापतो', इतकेच लिहा. बसेल."

"त्या मुंजीत मी..." मी सुरुवात केली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "दुसरा अर्ज आहे का? हा खाडाखोड करून देऊ नका."

दुसरा अर्ज होता. मी तो पहिल्यापासून लिहिला, नाडी-गण-चरणांसकट, आणि त्या रकान्यात त्याने सांगितले तेच शब्द घातले. बरोबर बसले.

परिचय-पुस्तिका छापून आल्यावर बहिणीच्या घरी तीन फोन आले. पहिले दोन लॅब्राडोरच्या गोचिडांसंबंधी होते. तिसरा देवासहून, एका मुलीच्या वडिलांचा. पत्रिका त्यांनी आधीच जुळवून पाहिली होती. येत्या रविवारी ते इंदूरला येणार आहेत. घरी नको, आधी दुकानच पाहू, असे म्हणाले. त्या दिवशी गल्ल्यावर मी बसणार आहे.